दिवाणसाहेबांच्या टाकीतले पाणी

मोटार हाकणाऱ्या माणसाला लोक फार तर दोन प्रश्न विचारतात. गाडी किती जोरात जाते आणि कधी उलटली होती काय. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत कसे पोहोचते, हे मला उभ्या नोकरीत कुणी विचारले नाही. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी ‘ड्रायव्हरकीचे अनुभव लिहा’ असे कळवले, तेव्हा त्यांच्या मनात अपघात, वाघ आणि राजेरजवाडे असणार हे मी ओळखले. वाघ मला एकदाच दिसला, तोही मेलेला आणि दुसऱ्याच्या मोटारीच्या टपावर बांधलेला. माझ्या हातून अपघात झाला नाही. म्हणजे लिहिण्याजोगे माझ्याकडे फारसे काही नाही. तेव्हा मी पेट्रोल गाळण्याविषयी लिहिणार आहे.

त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत टाकी मागे आणि इंजिन पुढे असे. दोहोंच्या मध्ये तांब्याची बारीक नळी. इंजिनात शिरण्याआधी पेट्रोल एका काचेच्या वाटीत उतरायचे. ही वाटी साधारण आपल्या आमटीच्या वाटीएवढी. तिच्या तोंडावर पितळी तारेची अगदी बारीक जाळी, जाळीवर बुचाची चकती, आणि सगळे घट्ट धरायला खालून तारेची कडी. घाण तळाशी बसायची आणि स्वच्छ पेट्रोल जाळीतून वर चढायचे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तेही तळाशीच. वाटी काचेची असल्यामुळे बॉनेट उघडले की आत काय साचले आहे ते दिसे. कागदावर याला फिल्टर म्हणत. आम्ही जाळी म्हणायचो.

आणि साचायचे खूप. पेट्रोल गंजक्या डब्यांतून यायचे, ते धुळीच्या रस्त्यावर उभे राहून टाकीत ओतायचे. वाटीत मला गंज, वाळू, मुंगळे आणि एकदा शर्टाची गुंडी मिळाली. भोरमधल्या एका डॉक्टरांची गाडी दर महिन्याला बंद पडायची. वाटीत तपकिरी चिखल साचलेला असे आणि तो कसला हे कळेना. शेवटी एकदा ते स्वतः टाकीत पेट्रोल ओतताना मी पाहिले. पेट्रोल ओतता ओतता डॉक्टर तपकीर ओढत होते. त्यांना सांगितल्यावर म्हणाले, “माणसाला सोसते, मग हिला का नाही?” वेल्ह्याच्या रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारे एक मालक पेट्रोल आपल्या फेल्टच्या टोपीतून गाळायचे आणि तीच टोपी झटकून पुन्हा डोक्यावर चढवायचे. गाळण उत्तम व्हायचे. मात्र त्यांच्या शेजारी बसून विडी ओढायला कुणी धजत नसे.

माझे मत असे की मालकाचा स्वभाव त्याच्या दिवाणखान्यात कळत नाही, तो या वाटीत कळतो. याला मोठा पुरावा म्हणजे दिवाणसाहेबांची वाटी.

दिवाणसाहेब काठेवाडातल्या कुठल्याशा संस्थानात दिवाण होते. ते संस्थान एवढेसे होते की तिसरा गिअर टाकेपर्यंत हद्द संपायची, असे त्यांचे मेहुणे, म्हणजे बाईसाहेबांचे भाऊ बापूमामा म्हणत. अर्थात दिवाणसाहेब ऐकत नाहीत असे पाहूनच म्हणत. निवृत्त झाल्यावर साहेब भोरला येऊन राहिले. बरोबर संस्थानाने निरोपादाखल दिलेली अमेरिकन मोटार होती. पाहुणे आले की ते त्यांना भाटघरचे धरण दाखवायला नेत आणि काठी उगारून भिंतीबद्दल असे बोलत, की नवख्याला वाटावे धरण यांच्याच देखरेखीखाली बांधले गेले.

माणूस विद्वान होता, हे मी मान्य करतो. मी इंग्रजी पाचवीत शाळा सोडलेली. पण साहेबांच्या कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ पुसायचे कामही माझ्याकडेच होते. पुस्तक पुसायचे तर ते उघडावे लागते, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. त्यामुळे साहेबांच्या व्याख्यानातले कुठले वाक्य कुठल्या पुस्तकातून आले, हे मला गाडीत बसल्या बसल्या कळायचे. त्यांचा आवडता विषय यंत्रयुग. यंत्र हे शुद्ध बुद्धीचे अपत्य आहे, त्याला देव लागत नाही आणि दैव लागत नाही, असे ते टेबलावर मूठ आपटून सांगत.

या मताचा एक परिणाम घरात झाला होता. खंडेनवमीला भोरात न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून टांग्याच्या चाकापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. साहेबांच्या मोटारीला मात्र बंदी. “यंत्राला वंगण लागते, कुंकू लागत नाही,” असा त्यांचा हुकूम. मी आपल्या पान्यांवर गुपचूप एक फूल ठेवायचो. पान्यांविषयी हुकूम नव्हता.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. पेट्रोल कुपनावर मिळू लागले होते. दसऱ्याला वेल्ह्याला साहेबांचे व्याख्यान ठरले होते आणि त्यासाठी महिनाभर गाडी न काढता त्यांनी पेट्रोल साठवले होते. दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. साहेब मागे, जरीच्या उपरण्यात. शेजारी बापूमामा, व्याख्यानाचे कागद मांडीवर घेऊन. कापूरहोळ गेले, नसरापूर गेले, गाडी ठीक होती. पुढे चढ-उतार लागले तशी ती खोकू लागली. विंझरच्या अलीकडे एकदा आचका दिला आणि गावातल्या चहाच्या दुकानासमोर ती मुकाट उभी राहिली.

माणसे जमायला वेळ लागला नाही. त्या काळी बंद पडलेली मोटार पाहणे हाही सणाचाच भाग होता.

“काय झालं वं डायवर? तान लागली व्हय तिला?” कोंडिबा नावाचे एक म्हातारे शेतकरी पुढे आले. डोक्याला मोठे मुंडासे आणि हातात आपट्याची डहाळी.

“तान कसली? लई प्याली आसंल,” चहावाला किटली हातात घेऊनच बोलला.

मी बॉनेट उघडले. वाटीत अर्ध्यावर एक रेघ दिसत होती. रेघेच्या वर पेट्रोल आणि खाली दुसरेच काहीतरी, किंचित तांबूस. कडी सोडवून मी वाटी काढली आणि तळहातावर थोडे ओतले. पेट्रोल उडून गेले. पाण्याचे मणी राहिले.

कोंडिबांनी वाकून पाहिले. “ह्ये तर पानी हाय!”

“पाणी?” साहेब खाली उतरले. “माझ्या टाकीत पाणी?”

“आमच्या गवळ्याची गत म्हना की, सायेब,” कोंडिबा म्हणाले. “दूद काडून घ्यायचं न् पानी वतायचं. माप बराबर!”

सगळे हसले. चहावाला तर किटली खाली ठेवून हसला. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहू लागले.

“शंकर, मोटारशाळेची किल्ली कुणाजवळ असते?”

“एक माझ्याजवळ, साहेब. दुसरी घरात खुंटीवर.”

त्यांनी पहिले वाक्य ऐकले. दुसरे त्यांच्या कानापर्यंत गेले नाही. खुंटीवरच्या किल्लीवर संशय घेण्याची पद्धत संस्थानात नसावी.

जाळीला पिठाच्या लगद्यासारखे काहीतरी चिकटले होते. मी ते खरवडायला गेलो तर जुनी जाळी मधोमध फाटली. आता पाणी आणि इंजिन यांच्यामध्ये काहीच उरले नाही. जाळीवाचून गाडी वेल्ह्यापर्यंत रेटता आली असती. पण पेट्रोलचोराबरोबर व्याख्यानाला जायला साहेब तयार नव्हते. आम्ही माघारी वळलो. वाटेत चढ आला की थांबायचे, वाटी ओतायची आणि पुन्हा निघायचे. भोरच्या पुलावर आल्यावर साहेब एवढेच म्हणाले, “उद्या रीतसर चौकशी होईल.”

भोरात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. एका मालकाने चोर म्हणून काढला की दुसऱ्याच्या दारात उभे राहायची सोय नाही. त्यातून लढाईत पेट्रोल चोरणारा म्हणजे घरफोड्यापेक्षा वाईट. विंझरचा विनोद बाजारात पोहोचायला एक बाजारचा दिवस पुरे होता. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण ‘गवळी’ हे नाव पोराबाळांना चिकटेल याची जास्त होती.

दिवेलागणीला बापूमामा मोटारशाळेत आले आणि गाडीच्या पायरीवर बसले.

“शंकरराव, ते पाणी कसलं हो असेल?”

“तुम्हीच सांगा, मामा. पाण्यात कुंकू होतं. आणि जाळीवर तांदळाची कणी.”

मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “ताई म्हणाली, सगळ्या भोरात खुरपं-विळ्याची पूजा होते आणि आपलीच एवढी मोठी मोटार पारोशी! काल दुपारी तुम्ही जेवायला गेलात, साहेब वामकुक्षीला. मी म्हटलं, करून टाकू. पूजा झाली, माळ घातली, माळ काढली. मग नैवेद्याची वेळ आली. ताई म्हणाली, घोड्याच्या तोंडाशी नेता येतो, हिचं तोंड कुठं? मी म्हटलं, जिथनं खाते ते तोंड.”

“आणि तुम्ही टाकीचं झाकण काढलंत.”

“मी मंत्र म्हणत होतो! झाकण तिनं काढलं. एक फुलपात्रभर तीर्थ, चिमूटभर अक्षता, तुळशीची पानं. सगळं शास्त्राप्रमाणे.”

“कुठल्या शास्त्राप्रमाणे?”

“ते आता विचारू नका.” मामा जवळ सरकले. “पण शंकरराव, तिचं नाव घेऊ नका. मागं एकदा वाद झाला तेव्हा हे म्हणाले होते की पुन्हा असलं काही दिसलं तर देव उचलून देवळात नेऊन ठेवीन. ते बोलतात ते करतात. तिला दुसरं काय आहे हो त्या घरात?”

हे खरे होते. साहेबांना घरभर पुस्तके होती. बाईसाहेबांना जिन्याखालचे देवघर होते.

घरी येऊन मी बायकोला सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मग सांगून टाका. त्यांचं देवघर राहावं म्हणून आपली चूल विझवायची?” मी एवढेच ठरवले की तोंडाने नाव घ्यायचे नाही, पण टाकी तळापर्यंत उघडायची. टाकीला जे बोलायचे ते ती बोलेल.

दुसऱ्या दिवशी अंगणात टेबल मांडले होते. टेबलावर हिरवे कापड, दौत, टाक, पाण्याचा तांब्या. साहेबांनी काळा कोट चढवला होता. चौकशीला प्रतिष्ठित साक्षीदार हवेत म्हणून एक हेडमास्तर, एक वकील आणि एक पेन्शनर फौजदार यांना बोलावले होते. कारकून म्हणून बापूमामा. ते टाक दौतीत बुडवत आणि न लिहिताच पुसून ठेवत. मी इतके लोक मोटार दुरुस्ती पाहायला पहिल्यांदाच बसलेले पाहिले.

“काम सुरू करावे,” साहेब म्हणाले.

टाकीच्या तळाशी एक मळसूत्री बूच असते. त्याखाली मी आधी डबे लावले. वकीलसाहेबांनी विडी पेटवली होती, ती विझवायला सांगितले. त्याबरोबर समितीचे गांभीर्य एकदम वाढले आणि खुर्च्या थोड्या मागे सरकल्या. वरचे पेट्रोल मी वरच्या तोंडातून रबरी नळीने ओढून डब्यात घेतले. तळाचे तेवढे ठेवून खाली कल्हईची परात सरकवली आणि बूच सोडले. परातीत आधी तांबूस पाणी आले. मग फुगलेल्या अक्षता. शेवटी तुळशीची दोन पाने, अगदी हिरवीगार.

तिन्ही साक्षीदार वाकले. तिघेही घरसंसार असलेली माणसे. तिघांच्याही घरी देवघरे होती. काय झाले ते तिघांनाही एका क्षणात कळले, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिले. पण सगळ्या भोराला यंत्रयुग शिकवणाऱ्या माणसाच्या अंगणात ते बोलणार कोण?

हेडमास्तर खाकरले. “चिमण्या,” ते म्हणाले. “चिमण्या दाणे फार नेतात. कुठेही टाकतात.”

“झाकण लावलेल्या टाकीत?” मी विचारले.

“चिकाटी असते त्यांच्यात.”

फौजदारांनी सांगितले की लष्कराच्या कोठारात तांदळाचे आणि पेट्रोलचे डबे शेजारी शेजारी असतात. वकीलसाहेबांचे म्हणणे पडले की ते तांदूळ आहेत असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तुळशीबद्दल तिघेही बोलले नाहीत. एकाने ती चष्म्यातून पाहिली, दुसऱ्याने चष्मा काढून पाहिली, आणि दोघांनाही ती दिसली नाही.

साहेब कुणाकडेही पाहत नव्हते. ते परातीकडे पाहत होते. त्यांना कळले होते की नाही, हे मला आजतागायत सांगता येणार नाही. ते उभे राहिले आणि त्यांनी संस्थानी आवाज लावला. “घन पदार्थ कसा आला हा मुद्दा गौण आहे. पाणी आले, म्हणजे तेवढे पेट्रोल गेले. टाकीचा ताबा ड्रायव्हरकडे. सबब...”

“पाणी नव्हे ते.”

आवाज ओटीवरून आला. बाईसाहेब पुरुषांच्या बैठकीत कधी येत नसत. त्या दिवशी त्या ओटीची पायरी उतरून अंगणात आल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, हात पिठाचे.

“पाणी नव्हे. तीर्थ आहे. मी घातलं.”

वकीलसाहेबांनी विझलेली विडी पुन्हा तोंडात धरली. हेडमास्तर चिमण्या शोधत असल्यासारखे आभाळाकडे पाहू लागले.

“आपण आत जा,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“जाते. शंकररावांनी काही केलेलं नाही, एवढं लिहून होऊ दे, मग जाते. बापू, लिही.”

मामांनी हुकमाची वाट पाहिली नाही. टाक बुडवून त्यांनी एका दमात लिहून टाकले. लिहून झाल्याचे पाहून बाईसाहेब म्हणाल्या, “आणि देव न्यायचे असतील तर उद्या न्या. आज नैवेद्य व्हायचाय.” आणि आत गेल्या.

बराच वेळ नुसते परातीतले पेट्रोल उडत होते. मग साहेबांनी कोटाची गुंडी लावली. चौकशी निकालावाचून सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. “निकाल,” ते म्हणाले. “ड्रायव्हर निर्दोष. तथापि टाकीचे झाकण कुणालाही सहज उघडता येईल अशा स्थितीत ठेवल्याबद्दल त्याला ताकीद देण्यात येत आहे.”

“साहेब, ते अमेरिकेतच तसं केलेलं आहे.”

“अमेरिका माझ्या नोकरीत नाही,” ते म्हणाले. सभा उठली.

देव कुणी हलवले नाहीत.

गाडीला जाळी मात्र नव्हती. लढाईत अमेरिकेहून माल येत नव्हता. पुण्याच्या दुकानदाराने कळवले की जाळी मुंबईला मिळेल आणि मुंबईच्या दुकानदाराने कळवले की लढाई संपल्यावर मिळेल. वेल्ह्याच्या मंडळींनी व्याख्यान आठवड्यावर ढकलले होते. तेव्हा घरीच काहीतरी करणे भाग होते. मी मलमल लावून पाहिली. तिचे तंतू सुटून पुढच्या बारीक भोकात अडकतात. कातडे लावले, त्यातून पेट्रोल गाडीला पुरेल इतक्या जोरात जाईना. मोटारशाळेच्या दारात बसून मी चहाच्या गाळणीची तार वाकवून कडे करत होतो, तेव्हा बाईसाहेब तुळशीला पाणी घालायला आल्या.

“कसलं कापड लागतं हो त्याला?”

“बारीक, घट्ट विणीचं, धागा न सुटणारं. रेशमी असलं तर फार उत्तम.”

त्या आत गेल्या आणि हातभर तुकडा घेऊन आल्या. जुने सोवळे होते. काठाशी विरलेले, मध्ये अगदी धड. ओटीच्या कडेवर ठेवत म्हणाल्या, “कुणी शिवलेलं नाही अजून.”

“मला शिवावं लागेल, बाईसाहेब.”

“मग हात धुऊन घ्या.”

मी हात धुतले. पेट्रोलनेच धुतले, पण धुतले. काचेची वाटी राखेने घासली, कोरडी केली. कड्यावर रेशीम ढोलकीच्या पानासारखे ताणून शिवले, बुचाची चकती पाण्यात मऊ करून कोरडी पुसली, रेशमावर बसवली, कडी आवळली आणि बाजूने पेट्रोल झिरपत नाही ना ते बोट फिरवून पाहिले. याला अर्धी दुपार लागली. एवढे साधे काम आहे. हल्ली ते कारखान्यात नेऊन पैसे मोजून करून घेतात आणि बॉनेटखाली डोकावतही नाहीत, याचे वाईट वाटते. वाटीत आपले काय साचते ते माणसाने मधूनमधून पाहावे. असो. त्या दिवसापासून शुद्ध बुद्धीचे ते अपत्य सोवळ्यातून गाळलेले पेट्रोल पिऊ लागले आणि पूर्वीपेक्षा बरे चालू लागले.

वेल्ह्याला निघालो. साहेब मागे, जरीच्या उपरण्यात. मामांना या वेळी पडसे झाले होते. नसरापूरच्या पुढे साहेबांनी विचारले, “जाळी मिळाली?”

“घरीच केली, साहेब.”

“कशाची?”

“रेशमाची.”

त्यांनी कुठल्या रेशमाची, असे विचारले नाही. इतकी वर्षे दिवाणगिरी केलेल्या माणसाला कुठला प्रश्न विचारायचा नाही हे कळते.

विंझर आले. तेच चहाचे दुकान, बाकावर तीच माणसे. मी वेग वाढवला. मला तिथून लवकर निघून जायचे होते. तेवढ्यात मागून काठीचे टोक माझ्या खांद्याला लागले. “थांबव.”

ते या दुकानासमोर आपणहून कधी थांबले नव्हते. मी गाडी उभी केली.

“काय डायवर,” कोंडिबा बाकावरूनच ओरडले, “आज दूद का पानी?”

माणसे हसली. साहेब दार उघडून खाली उतरले. काठी टेकून उभे राहिले आणि सभेत बोलावे तसे बोलले, “त्या दिवशीच्या पाण्याचा उलगडा झाला आहे.”

“आसं? मंग कुनी काडलं पेट्रोल?”

“कुणी काढले नाही. पाणी वरून घातले होते. घरच्याच माणसाने.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पगारी माणूस घरचा धरायची अशा वेळी पद्धतच असते. मी चाक घट्ट धरून समोर बघत राहिलो.

“हा नव्हे,” साहेब म्हणाले.

“मंग कुनी वं?”

साहेबांनी उपरणे सारखे केले. ते एकदाच सारखे करायला पुरले असते, त्यांनी पुन्हा केले. चहावाल्याने किटली हातात तशीच धरून ठेवली होती.

“मी.”

“तुमी?”

“मी घातले. माझ्या हातून झाले.”

त्या दुकानात कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. चहावाल्याने किटली चुलीवर ठेवली. कोंडिबा उठले, जवळ आले, आणि घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावे तशा मऊ आवाजात म्हणाले, “आसू द्या, सायेब. वय झालं की व्हतं आसं. आमच्या आज्यानं बी एकदा बैलाच्या आंबोणात मीट म्हनून राख घातली व्हती. लई मनाला लावून घिऊ नगा.”

दिवाणसाहेबांनी, ज्यांच्यासमोर संस्थानातले शिपाई मान वर करत नसत, मान हलवली. “नाही घेत,” ते म्हणाले. मग गाडीत बसले. “चल, शंकर.”

मी गिअर टाकला. कोंडिबा गाडीबरोबर चार पावले चालले आणि माझ्या खिडकीशी वाकून, साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कुजबुजले, “डायवर, ध्यान ठिवा बरं त्येंच्यावर.”

“ठेवतो,” मी म्हणालो.

वेल्ह्यापर्यंत मी आरशात पाहिले नाही.